तरलिकाबेनचे साठ ग्रॅम

तरलिकाबेनच्या फोनची घंटा दिवसातून सहा वेळा वाजते. सकाळी सव्वासातला पहिली आणि संध्याकाळी साडेसहाला शेवटची; हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो म्हणून वेळा थोड्या जवळ सरकतात. घंटा म्हणजे देरासरातल्या, जैन मंदिरातल्या, आरतीचीच घंटा आहे, मुलाने फोनमध्ये भरून दिलेली. त्यामुळे नवखा माणूस आधी हात जोडतो, आणि मग समोरची बाई पिशवीतून स्टीलची डबी काढून शांतपणे पनीरचे तुकडे चावायला लागते हे पाहून त्याला जोडलेल्या हातांचं काय करावं ते कळत नाही. भावनगरच्या त्या गल्लीला मात्र आता सवय झाली आहे. भाजीवालीसुद्धा म्हणते, "वाजली बेन तुमची. आधी खाऊन घ्या, दुधीचा भाव मग करू."

गल्लीला ही सवय सहजासहजी लागलेली नाही.

तरलिका महुव्याची. बाविसाव्या वर्षी वोरांच्या घरात आली तेव्हा तिच्या बांगड्या हातातून गळून पडायच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन एकशे एकवीस किलो होतं. मधल्या बावीस वर्षांत काय झालं ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. दोन बाळंतपणं, त्यातलं एक वाया गेलेलं, थायरॉइड, सकाळचे गाठिये, दुपारचे उरलेले गाठिये, आणि घरात कोणी रुसलं की स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी तोंडात टाकायची खोड. डॉक्टरांनी दहा वर्षं सांगितलं, नवऱ्याने, किरीटभाईंनी, दहा वर्षं विनवलं. ती हसून "बघू" म्हणायची.

मग एका वर्षी घरचे सगळे पालिताण्याच्या डोंगरावर जात्रेला गेले. डोलीवाल्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आपसात काहीतरी बोलले आणि दोघांऐवजी चौघे आले. त्यातला एक म्हातारा वाटेत बसला आणि खोकतच राहिला. तरलिका डोलीतून उतरली. "तुम्ही बसा बापा, मी चालते," म्हणाली, आणि अकरा पायऱ्यांवर तिचा दम संपला. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहमदाबादच्या त्या डॉक्टरांचा नंबर अजून आहे ना तुमच्याकडे?"

माघात ऑपरेशन झालं. पोट वाटीएवढं उरलं, तीही आमटीची नव्हे, चटणीची. घरी आणल्यावर सासूबाई, हसुमतीबा, एकाहत्तर वर्षांच्या, पहाटे उठून सुनेसाठी मूग शिजवायला लागल्या. त्या घरात आजारपण असो, बाळंतपण असो की उपवास सोडणं असो, औषध एकच: मुगाचं पाणी. मूग भरपूर पाण्यात उकळायचे, हिंग-मिरपूड घालायची, फडक्यातून गाळायचं. पाणी आजाऱ्याला, आणि खाली राहिलेले मूग फोडणी देऊन बाकीच्या घराला. बांनी हे इतक्या मायेने केलं की तरलिका चार महिने ते पाणी मुकाट्याने प्यायली. सोबत चहात बुडवलेला अर्धा खाखरा. वजन भराभर उतरलं. देरासरात बायका तिला वळून वळून बघायच्या, "तरलिकाबेन, तुम्ही तर कॉलेजच्या पोरीसारख्या दिसायला लागलात," म्हणायच्या, आणि हसुमतीबा आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "माझ्या मुगाच्या पाण्याचा गुण."

आषाढात केस जायला लागले. फणी फिरवली की मूठभर. मग पाय सुजले, चप्पल चढेना. एका सकाळी मोरीत नळाखाली बादली लावायला वाकली ती उठलीच नाही.

अहमदाबादला डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. धरती ओझा. बोटादची, सत्तावीस वर्षांची, बोलायला फटकळ.

"काय खाता?"

"मुगाचं पाणी."

"आणि मूग?"

"मूग घरचे खातात."

"का? ऑपरेशन घरच्यांचं झालंय?"

किरीटभाई खुर्चीत चुळबुळले. धरतीने कागद फिरवून तरलिकापुढे धरला. "हे बघा बेन. रक्तातलं प्रोटीन साडेतीन हवं, तुमचं दोन पॉइंट चार आहे. पाण्यात मुगाची चव उतरते, मूग उतरत नाही. तुमचं शरीर चार महिने तुमचेच स्नायू खाऊन जगतंय. असंच राहिलं तर दिवाळीच्या आत ॲडमिट करून शिरेतून द्यावं लागेल. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर पोट परत जोडायचं म्हणतील."

"म्हणजे परत पहिल्यासारखी?"

"परत पहिल्यासारखी. वर आणखी एक ऑपरेशन."

तरलिकाला डोलीवाल्या म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला.

"दिवसाला साठ ग्रॅम. त्याखाली एक दिवस जायचं नाही," धरती म्हणाली. "अंडं?"

"नाही."

"माहीत होतं, विचारायचं म्हणून विचारलं. सूर्य मावळल्यावर?"

"पाणीसुद्धा नाही. चौविहार आहे माझा. लग्नाआधीपासून."

"मग सहा वेळा, उजेड आहे तोवर. खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर अर्धा तास पाणी नाही. आधी प्रोटीन, जागा उरली तर बाकीचं. आणि जागा उरणार नाही, हे आत्ताच सांगते."

तरलिकाने घरी येऊन वाणसामानाच्या जुन्या पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. दुधातून पावडर, दोन वेळा, तिचे तीस. पनीर, नऊ. फडक्यात बांधून ठेवलेलं घट्ट दही, आठ. मुगाची वाटी, मुगासकट, सात. बेसनाचा तळहाताएवढा पुडला, सहा. दही आणि मूग एका वेळी नाहीत, कारण कच्च्या दह्याबरोबर कडधान्य त्यांच्यात चालत नाही. तिने दोन्हींमध्ये दोन घंटांचं अंतर टाकलं. मोड आलेले मूग चालत नाहीत, ठीक आहे, भिजवलेले शिजवून. धर्माच्या एकाही नियमाला हात न लावता साठ जमले तेव्हा तिला मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं.

पावडरचा डबा बघून हसुमतीबांनी पदर नाकाला लावला. "हाडांचा भुगा आहे का हा?"

"दुधाची आहे बा. हा बघा हिरवा ठिपका."

"ठिपका काय, कोणीही काढतं."

पण खरी गोष्ट पावडरची नव्हती. बांच्या मुगाच्या पाण्यात खोट निघाली होती, तीही बोटादच्या एका पोरीने काढलेली. बांनी दुसऱ्या दिवसापासून मूग शिजवणं सोडलं. तरलिका स्वतः शिजवू लागली.

पर्युषणाचे तपाचे आठ दिवस सुरू व्हायला बारा दिवस होते तेव्हा तरलिका साध्वीजी उतरतात त्या उपाश्रयात गेली आणि दारातल्या काळ्या फळ्यापाशी थबकली. आठ दिवसांचा उपवास, म्हणजे अठ्ठाई करणाऱ्यांची नावं जशुभाई मुनीम दरवर्षी त्यावर वळणदार अक्षरात लिहितात. चौथं नाव होतं: तरलिकाबेन किरीटभाई वोरा.

"जशुभाई, हे कोणी सांगितलं?"

"बांनी. दोन दिवस झाले. म्हणाल्या, वहूची अठ्ठाई आहे, पहिल्यांदाच, पारण्याला सगळ्या संघाला आमंत्रण."

"पुसा ते."

जशुभाईंनी खडू कानावर ठेवला. "तपस्वीचं नाव लिहिलेलं पुसत नाहीत बेन. मला तर बांनी सांगितलंय. त्या येऊन सांगोत."

घरी हसुमतीबा हिंडोळ्यावर बसून जपमाळ ओढत होत्या. तरलिका समोर उभी राहिली.

"बा, माझं नाव का दिलंत?"

"का म्हणजे? वोरांच्या घरात प्रत्येक सुनेने अठ्ठाई केलीय. तुझीच राहिलीय. आधी तुला जमायचं नाही, मी एका शब्दाने बोलले का? आता काय हरकत आहे? तू खातेसच किती? दोन चमचे! ते आठ दिवस नाही खाल्लेस तर काय बिघडलं? तुझ्याइतकी सोपी अठ्ठाई अख्ख्या भावनगरात कोणाची नसेल."

बा टोमणा मारत नव्हत्या. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

"बा, कमी खाते म्हणूनच एक दिवस सोडता येत नाही. तुमच्या अंगात साठा आहे. माझा चार महिन्यांत संपला."

"साठा! पोतं आहे का शरीर म्हणजे? अगं, तपाने कर्मं जळतात आणि तू ग्रॅम मोजतेस!"

"हो. साठ."

"लोकांना काय सांगू मी?"

"नाव तुम्ही दिलंत. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

किरीटभाई त्या रात्री दोघींशीही हवापाण्याचं बोलले.

पर्युषणाच्या पहिल्या सकाळी उपाश्रय भरला होता. लाकडी पाटावर साध्वीजी, समोर पांढऱ्या आणि बांधणीच्या साड्यांची गर्दी. तरलिका मधल्या रांगेत, तिच्या उजव्या हाताला हसुमतीबा. साध्वीजी म्हणाल्या, "ज्यांना अठ्ठाई सुरू करायची आहे त्यांनी उभं राहावं. संकल्पाचं पच्चक्खाण देते."

एकेक बाई उठली. साड्यांची सळसळ झाली. हसुमतीबांनी सुनेचं कोपर धरलं.

"उठ."

"नाही बा."

"फळ्यावर नाव आहे."

"मी दिलेलं नाही."

"सगळे बघताहेत, तरला."

"बघू दे."

बांची पकड घट्ट झाली. एका क्षणी त्या तिला खरोखरच ओढत होत्या आणि तरलिका जमिनीवर पंजा रोवून बसली होती; सात महिन्यांत साठ-पासष्ट किलोंची झालेली बाई एकशे एकवीस किलोंची असल्यासारखी बसली होती. तिने कोपर हिसकावून सोडवलं तेव्हा साध्वीजींचं लक्ष गेलं.

"तरलिकाबेन?"

तिने बसल्या जागीच हात जोडले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "साहेबजी, मला रोजची नवकारशी आणि चौविहार द्या. सूर्य उगवल्यावर दोन घडी थांबेन आणि मावळायच्या आत तोंड बंद करीन. तेवढं मी जन्मभर पाळीन. अठ्ठाई नाही. मला औषधासारखं खावं लागतं."

मागून इंदुबेन कापडवाल्या हसल्या. "औषध कसलं! चिमणीएवढं तर खाते. तिला अठ्ठाई जड?"

पाच-सहा जणी खुसखुसल्या. तरलिका मान वळवून म्हणाली, "चिमणीला आठ दिवस उपाशी ठेवून बघा इंदुबेन, आणि मग मला येऊन सांगा."

हसू थांबलं. साध्वीजींनी ना तिला शाबासकी दिली ना राग दाखवला. "ज्याची जशी शक्ती," एवढं म्हणून त्या उभ्या असलेल्यांकडे वळल्या. तेवढ्यात तरलिकाच्या शेजारी गुडघ्यांचा कटकट आवाज झाला. हसुमतीबा जमिनीला हात टेकून उठत होत्या.

"साहेबजी, मला द्या अठ्ठाई. वोरांचं नाव फळ्यावर आहे. ते रिकामं जाणार नाही."

"बा!" तरलिकाच्या तोंडून निघालं.

"तू बस," हसुमतीबा समोर बघत म्हणाल्या. "तुझी घंटा वाजेल आता."

आणि खरंच, पाच मिनिटांत वाजली.

बाहेर जशुभाईंनी फळ्यावरचं नाव अंगठ्याने पुसून त्यावर हसुमतीबेन लिहिलं. घाईत नीट पुसलं गेलं नाही. खालून अर्धा "तर" दिसत राहिला.

आठ दिवसांचं पच्चक्खाण एकदम देत नाहीत, रोज सकाळी त्या त्या दिवसाचं घ्यायचं असतं. म्हणजे बांना कुठल्याही सकाळी थांबता आलं असतं. तरलिकाने दुसऱ्या दिवशी तसं सुचवलं. "बा, काल केलात ना. संघाने पाहिलं. आता पुरे."

"का, तू उभी राहतेस माझ्या जागी?"

"नाही."

"मग पाणी उकळ."

उपवासात उकळलेलं पाणी तेवढं चालतं; तरलिका ते उकळायची, निववायची, तांब्यात भरून बांच्या हाताशी ठेवायची. दुपारी त्यांच्या तळपायांना तूप चोळायची. त्यांना मळमळायला लागलं की पाठीवरून हात फिरवायची. आणि घंटा वाजली की हात धुऊन आपली डबी उघडायची. सहाच्या सहा वेळा. त्या पोटात घाई चालत नाही, एकेक घास तीस वेळा चावावा लागतो, त्यामुळे एवढीशी वाटी संपवायला तिला अर्धा तास लागायचा. पर्युषणात घरात हिरवी भाजी येत नाही. मूग, चणे, वाल यांचंच राज्य असतं. तेवढ्यापुरते ते दिवस तिच्यासाठी सोयीचेच होते. पण उपवासाच्या घरात अर्धा अर्धा तास चावत बसलेली सून म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

बांना शाता, म्हणजे ख्यालीखुशाली, विचारायला माणसं यायची. इंदुबेन आल्या, बांच्या पाया पडल्या, तरलिकाकडे बघून म्हणाल्या, "धन्य आहे बांची. या वयात. सुनेच्या वाटचंसुद्धा तप करताहेत."

"हो ना," तरलिका म्हणाली. "आणि मी त्यांच्या वाटचं खाते. बसा, तुमच्यासाठी चहा टाकते. तुमचा काही उपवास दिसत नाही."

इंदुबेनचं तोंड एवढंसं झालं. हिंडोळ्यावर बांनी खोकला काढला. तो खोकला होता की आणखी काही, ते तरलिकाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांना घेरी आली. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या, ओठ पांढरे. त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून तरलिका वळली तेवढ्यात घंटा वाजली. तिने वाटी घेतली, एक घास तोंडात घातला आणि तो गिळवेना. चाव चाव चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. किरीटभाई दुकानातून जेवायला आले होते, दारातच उभे राहिले.

"तरू," ते हळूच म्हणाले, "निदान आतल्या खोलीत दार लावून खात जा ना. बाला दिसतं. लोकांना दिसतं."

तिने घास संपवला. मग वाटी उचलली, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दिवाणखान्यात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी पाट टाकून बसली. त्या दिवसापासून सहाही वेळा तिथेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

"लाज नाही वाटत तुला?" बांनी पाचव्या दिवशी विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण धार तशीच.

"वाटते ना. पण लाजेने पायांची सूज उतरत नाही, बा. बघा." तिने पाऊल पुढे केलं. घोटा दिसत होता. हाडासकट.

बांनी बघितलं आणि मान फिरवली.

संध्याकाळी मात्र दोघींची एकच घाई असायची. सूर्य समोरच्या गच्चीच्या कठड्याला टेकला की बा म्हणायच्या, "किती वेळ आहे?" आणि तरलिका घड्याळ बघून सांगायची, "अकरा मिनिटं." बा उकळलेल्या पाण्याचे शेवटचे घोट घ्यायच्या, तरलिका दह्याचे शेवटचे चमचे खरवडायची, आणि दोघी जवळजवळ एकदमच तोंड पुसून हात जोडायच्या. त्या वेळी त्या भांडत नसत.

सहाव्या दिवशी तरलिकाने रक्त दिलं. आठव्या दिवशी, संवत्सरीच्या सकाळी, धरतीचा फोन आला.

"तीन पॉइंट एक. शाबास, बेन. पण साडेतीन नाही. अजून दोन महिने असंच. आणि आज सुट्टी घ्यायची नाही, आधीच सांगते. माझ्या शेजारी शहा राहतात, आज काय आहे मला माहितेय."

संवत्सरीला आठ वर्षांची पोरंसुद्धा उपवास करतात. त्या दिवशी गल्लीत कुठल्याही घरातून फोडणीचा वास येत नाही. गॅस पेटतो तो फक्त पाणी उकळायला.

किरीटभाई फोन ऐकत होते. "तीनच्या वर गेलं ना? मग तरू, आजचा एकच दिवस. फक्त आजचा. वर्षातून एकदा येतो. बालाही बरं वाटेल."

"चार महिने असे एकेका दिवसानेच गेले होते," ती म्हणाली.

"मला कळतंय गं. पण संवत्सरी!"

"मला नाही कळत का संवत्सरी?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नवव्या वर्षापासून एक संवत्सरी चुकवली नाही मी. दोन जीवांची असतानाही केली. तुम्हाला वाटतं मला आज मूग गोड लागणार आहेत? परत जोडलेलं पोट घेऊन मी अहमदाबादला पडले तर तुम्ही शाता विचारायला याल आणि मी परत जाड झाले की इंदुबेन म्हणतील, बिचारी, जीभच आवरली नाही. नाही. आज तर नाहीच सोडणार."

तिने गॅसच्या एका शेगडीवर बांचं पाणी चढवलं आणि दुसरीवर मूग.

दुपारी सगळा संघ वर्षाच्या मोठ्या प्रतिक्रमणाला, चुकांच्या सामूहिक प्रायश्चित्ताला, निघाला. तीन तास बसायचं असतं, मध्ये उठायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. संपता संपता दिवस मावळतो. त्या तीन तासांत तरलिकाच्या दोन घंटा होत्या, सतरा ग्रॅम. तिने सकाळपासून आकडे फिरवून पाहिले होते. पोट लहान होतं, दोन वेळचं एकदम मावत नव्हतं. किरीटभाईंनी रिक्षा आणली. बांना धरून बसवताना तरलिका म्हणाली, "मी येत नाही, बा."

हसुमतीबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल." तिला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गल्ली रिकामी झाली. तरलिका दिवाणखान्यात लोकरीचं आसन, कटासणं, घालून बसली, दोन घंटांच्या मध्ये जेवढं बसता आलं तेवढं. पाठ असलेली सूत्रं एकटीने म्हटली. मध्येच अडखळली की पुढचा शब्द देणारं शेजारी कोणी नव्हतं. दोनदा उठली, दोनदा खाल्लं. शेवटचा चमचा संपला तेव्हा कठड्यावर उजेडाची रेघ अजून होती. साठ झाले होते. रडू मात्र आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

अंधार पडल्यावर माणसं परतायला लागली. गल्लीभर "मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्" ऐकू येत होतं. जो तो दारोदार थांबून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होता. किरीटभाईंनी बांना आणून हिंडोळ्यावर बसवलं. आठ दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या, पण ताठ होत्या. मान वाकवली नव्हती.

तरलिकाने पदर डोक्यावर घेतला, खाली बसली आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"बा, वर्षभरात मनाने, बोलण्याने, हाताने तुम्हाला जे दुखवलं असेल त्याची मिच्छामि दुक्कडम्. उपाश्रयात सगळ्यांसमोर तुमचा हात झिडकारला, त्याची वेगळी मागते."

बांनी विचारलं, "आणि?"

"आणि काही नाही."

"आठ दिवस माझ्या नाकासमोर बसून खाल्लंस. आज संवत्सरीला खाल्लंस."

"त्याची नाही मागणार."

"तरू!" किरीटभाई दारातून म्हणाले.

"मागितली तर उद्या सकाळी परत तेच करणार आहे मी," तरलिका त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "जे परत करायचंय त्याची क्षमा मागायची नसते, हे बांनीच शिकवलंय मला. संवत्सरीला खोटं बोलू?"

बाहेर कोणीतरी किरीटभाईंना हाक मारून हात जोडून पुढे गेलं.

"डॉक्टरांनी पोट कापलं," हसुमतीबा म्हणाल्या, "जीभ तेवढी ठेवली." मग त्यांनी स्वतःचे हात जोडले. "माझीही मिच्छामि दुक्कडम्. तुला न विचारता नाव दिलं त्याची. अठ्ठाई केली त्याची नाही. ती मी परतही करीन."

"करा. पाणी उकळून देईन."

"पण पुढच्या वर्षी तू बरी झालीस की..."

"पुढच्या वर्षीही नाही, बा."

"मला पुरतं बोलू तर दे!"

"बोला की. उत्तर आधी दिलं, एवढंच."

हसुमतीबांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा दिला आणि हिंडोळा हलवला. किरीटभाईंना कोणाची बाजू घ्यावी ते कळेना, म्हणून ते पंखा वाढवायला गेले.